बाहेरच्या बाजूचे नट

५ ऑक्टोबर १९९३

ही डायरी भावोजींना कुठल्याशा औषधकंपनीने दिलेली, तीही गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत म्हणून मला मिळाली. मला या घरात जे काही मिळतं ते असंच असतं. चहासुद्धा दुसऱ्या उकळीचा.

परवा पळस्प्याला ट्रकमधून उतरलो. उतरलो म्हणजे ड्रायव्हरने उतरवलं. त्याने माझ्या कानाखाली दिली, मी त्याच्या डब्यातलं कालवण रस्त्यावर ओतलं, विषय संपला. क्लीनरकी करायला मी काही जन्माला आलो नव्हतो. तशी गॅरेजमध्ये हेल्परकी करायला किंवा म्हापशाच्या हॉटेलात बशा पुसायलाही नव्हतो. कशाला आलोय ते अजून कळलेलं नाही, पण बावीस वर्षांत कळलंच पाहिजे असा काही कायदा आहे का?

चालत खांदा कॉलनीत ताईकडे आलो. भावोजींनी दार उघडलं. "या" नाही, "बस" नाही. म्हणाले, "किती दिवस?"

माणसाचं नाव कृष्णकांत आणि तोंड कारल्याचं.

आज सोसायटीची मीटिंग होती आणि ती भावोजींच्याच हॉलमध्ये, कारण ते सेक्रेटरी. मी स्वयंपाकघरात ताईला कांदे चिरून देत होतो. विषय चोऱ्यांचा. गच्चीवरचे नळ गेले, कोणाचा तरी तांब्याचा बंब गेला, सायकल गेली, दोरीवरच्या साड्या गेल्या. चेअरमन उपासनी म्हणाले, या मागच्या वाडीवरच्या लोकांचीच कामं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. हातात सुरी, डोळ्यांत पाणी, तसाच बाहेर आलो आणि म्हणालो, "चोर माणूस बघत नाही, जागा बघतो."

उपासनींनी विचारलं, "हा कोण?"

"आमच्या हिचा भाऊ. ट्रकवर असतो. असायचा."

मग मी सांगितलं. घाटात गाड्या कुठे लुटतात? जंगल दाट असतं तिथे नाही. जिथे चढाला गाडी रांगते आणि बाजूला पळून जायला वाट असते, तिथे. आमचा ड्रायव्हर कितीही नालायक असला तरी गाडी कधी अंधाऱ्या मोकळ्या जागी लावायचा नाही. धाब्यावर चार खाटा टाकलेल्या, चार माणसं पडलेली, अशा जागी लावायचा. दिवा नसला तरी चालेल म्हणायचा, माणूस दिसला पाहिजे.

उपासनी हे ऐकत होते की नाही देव जाणे. ते म्हणाले, "पळून जायला वाट. बरोबर. आपल्याकडे ती मागे आहे." आणि असं ठरलं की सोसायटी चोरांपासून बंद करायचं काम मी बघायचं. दिवाळीपर्यंत नीट झालं तर गेटवरची खोली आणि वॉचमनची नोकरी माझी. त्यानंतर एक जरी चोरी झाली तर मी चालू पडायचं.

रात्री भावोजी ताईला म्हणत होते, "टिकतोय का बघ." मी जागाच होतो. टिकून दाखवतो की नाही बघाच.

९ ऑक्टोबर

सोसायटीला फेरी मारली. पुढे गेट, मागे काटेरी तार. तारेत एक भगदाड आहे आणि त्यातून मळलेली पायवाट जाते. वाडीवरची माणसं वीटभट्टीवर जायला तिथूनच जातात, मोळ्या घेऊन बायका तिथूनच येतात. बाजूला घाणेरीची झुडपं माणूसभर वाढलेली. एखाद्या चोराने नकाशा काढून दिला असता तरी इतकी चांगली जागा झाली नसती.

भगदाडाच्या आत, शिरिषाच्या सावलीत, एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली. कृष्णाबाई. उरणकडून येते. नाकात एवढी मोठी नथ आणि आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. वरच्या बाल्कन्यांतून बायका दोरीला टोपल्या बांधून खाली सोडत होत्या. ही टोपलीत मासे टाकते, वर बघून प्रत्येकीला नावाने ओरडते.

"ओ शोभाताई, बोंबील ताजं हायेत! काल सासूनं खाल्लं का नाय? नाय? मग आज कोलबी ने, सासू गप बसंल!"

पहिल्या मजल्यावरच्या शोभावहिनी हसून हसून टोपली हलवत होत्या. त्यांची सासू आतून शिव्या देत होती. सगळी मागची बाजू जागी.

मी तिथे उभा राहून मोजमापं घेत होतो तर माझ्यावर ओरडली, "ये पोरा, कुनाचा रं तू? बगतंस काय? म्हावरं घेयाचं नाय त उन्हातून बाजूला हो, माश्या गोला होतान."

मी म्हणालो, "मी इथला बंदोबस्त बघतो."

"बंदोबस्त!" पाटीवरच्या माश्या हाकलत ती म्हणाली. "आंगाव सदरा बग आदी. गुंड्या त लाव."

गुंड्या खरंच नव्हत्या. पण सांगायची काही पद्धत असते.

१६ ऑक्टोबर

लातूरला पाठवायचे कपडे गोळा करण्यात चार दिवस गेले. लोकांनी काय काय दिलं. एकाने टाय दिला. भूकंपात घर पडलेला माणूस टाय घालून कुठे जाणार? मी तो ठेवून घेतला. नंतर गाठ मारायला शिकण्यात एक दुपार गेली. भावोजींनी पाहिलं. नुसतं ताईकडे बघितलं. ते जास्त लागतं.

कामाचं. घाणेरी तोडली. माझी कल्पना होती की भगदाडाच्या जागी छोटं फाटक करायचं आणि वर दिवा लावायचा. उपासनी म्हणाले, फाटक म्हणजे वाटच. भिंत घाल, वर काचा लाव. मी म्हणालो, मग माणसं जाणार कुठून? ते म्हणाले, "जाणारच नाहीत. तोच तर मुद्दा आहे."

 मग गेटवरची खोली डोळ्यांसमोर आली. तिला पश्चिमेला खिडकी आहे आणि आत एक पलंग मावतो. मी म्हणालो, ठीक आहे.

आणि कृष्णाबाई? उपासनी म्हणाले, "या बायका टेहळणी करतात. कोण घरी, कोण बाहेर, सगळं यांना माहीत." हे खरंच होतं. तिला सगळं माहीत असतं. मीच ऑइलपेंटने बोर्ड लिहिला: फेरीवाल्यांना आत सक्त मज्जाव. 'सक्त' छान आला.

२१ ऑक्टोबर

गवंडी लागलेत. आज वाडीवरची चिंधी नावाची बाई पाठीला पोर बांधून आली. पायवाट होती तिथे भिंत कमरेएवढी आलेली. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, रस्त्याने फिरून जा. ती म्हणाली, "रस्त्याला गाड्या हाईत. तू आमाला गाडीखाली घालनार?" आणि सरळ भिंत ओलांडून, ओल्या सिमेंटवर पाय देऊन, निघून गेली. गवंडी माझ्यावर चिडला. मी गवंड्यावर चिडलो. तो पायाचा ठसा अजून आहे, थापी मारायची राहिली.

नंतर कृष्णाबाई आली. बोर्ड वाचता येत नाही म्हणून तिने मलाच वाचायला लावला. मोठ्याने. दोनदा. सगळ्या बाल्कन्या ऐकत होत्या. शोभावहिनींनी टोपली वर ओढून घेतली.

"तीस वर्सं या बाजूला म्हावरं इकतंय," कृष्णाबाई म्हणाली. "ही बिल्डिंग नव्हती, नुसती शेतं होती, तवापासून. मना चोर बोलतान?"

"चोर नाही म्हटलं. मज्जाव म्हटलं."

"तुना भित घालाची हाय ना? घाल. दादूस, भित आंधली असतंय. येक दिस तुच तिला टक्कर मारशील."

शिव्याशाप देणाऱ्या बायकांची मला भीती वाटत नाही. आमच्या आजीने तर मला पाळण्यात असल्यापासून दिलेत.

२९ ऑक्टोबर

आज एक चांगला माणूस भेटला. भरत. कळंबोलीच्या लोखंडबाजाराजवळ त्याचं ग्रीलचं दुकान आहे. सोसायटीने सगळ्या मागच्या खिडक्यांचं काम त्याला दिलं. वयाने माझ्याएवढाच, पण काय हात चालतो! वेल्डिंग करताना काळी काच न लावता एक डोळा मिटून करतो. विचारलं तर म्हणतो, "दुसरा डोळा गिऱ्हाइकासाठी ठेवलाय." हसून हसून मेलो.

या कॉलनीत माझ्याशी माणसासारखा बोलणारा हा पहिलाच. दुपारी चहा पाजतो. मी पण त्याला मदत करतो. मापं घ्यायला घरात माणूस असला पाहिजे ना, म्हणून कोण कधी घरी असतं ते त्याला सांगत होतो. पेंढारकर दोघंही नोकरीला. वरच्या मजल्यावरचे काका दुपारी झोपतात, घंटा वाजवली तर उठत नाहीत. शोभावहिनी तुळशीचं लग्न झालं की भावाच्या लग्नाला पेणला जाणार, सासूसकट. भरत सगळं लक्षात ठेवतो. लिहूनही घेत नाही. मला असली डोकी आवडतात.

एक भानगड झाली. बोल्टचे नट आतल्या बाजूला येणार होते. शोभावहिनींनी आरडाओरडा केला. दिवाळीसाठी आत नवीन डिस्टेंपर मारलाय, पडदे नवे आहेत, नटांत अडकून फाटतील. बाकीच्या बायकांनीही तेच धरलं. भरत म्हणाला, "सोप्पं आहे, बोल्ट आतून घालू, नट बाहेरून पिळू. आत गुळगुळीत. काय जीवन, चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल. सगळ्या बायका खूष. दिवाळी आधी, हे खरंच आहे.

११ नोव्हेंबर

खोली मिळाली!

माझी. दार, कुलूप, किल्ली. भरतने खिडकीला ग्रील बसवून दिलं, दोस्ती म्हणून. नट पिळायचा एक पानाही देऊन गेला. "ठेव. एखादा ढिला वाटला तर पिळ." ताईने जुनी चादर आणि फराळाचा डबा दिला. डब्यात चकल्या मोडलेल्या होत्या पण तिने पाठीवर हात ठेवला. "आता इथेच राहा रे, जीवा," म्हणाली.

बाहेर भिंतीवर हिरव्या-तपकिरी काचा चमकतायत. भावोजी फिरताना थांबले, भिंत बघितली, म्हणाले, "बरी झाली." त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याचं भारतरत्न.

२० नोव्हेंबर

काही घडत नाही. एकही चोरी नाही. नळ जागेवर, साड्या जागेवर.

दुपारी मागे फेरी मारली. कोणी नाही. टोपल्या नाहीत, आवाज नाही, शिरिषाखाली नुसत्या शेंगा पडलेल्या. सगळ्या बायका पुढच्या खोलीत केबल टीव्ही बघतात. मागच्या खिडक्या पडदे लावून बंद. भिंतीपलीकडून भट्टीवरची माणसं जायची ती आता हायवेने जातात. इतकं शांत की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटला. मी परत आलो. तिथे फिरण्यात काही अर्थ नाही, तिथून कोणी येऊच शकत नाही.

मासे खावेसे वाटतात. मार्केटपर्यंत जायचा कंटाळा येतो.

२७ नोव्हेंबर

कलकत्त्याची मॅच. दुपारपासून पेंढारकरांच्या दारात उभा राहून बघितली. फायनल! गेटवर कोणी नव्हतं पण गेटला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. फक्त भरतचा टेम्पो मध्ये येऊन गेला, त्याला मीच उघडून दिलं. मागे एक ग्रील रंगवायचं राहिलंय म्हणाला. जाताना परत उघडलं. मी म्हणालो, थांब ना, मॅच बघ. म्हणाला, नको, डिलिव्हरी आहे. टेम्पो कॉलनीबाहेर लावून आपल्याच बसस्टॉपवर चहा घेणार होता.

रात्री जिंकल्यावर फटाके आणायला स्टॉपकडे गेलो. कृष्णाबाई आता तिथे बसते, गटाराच्या कडेला, रात्री बत्ती लावून. माझ्याकडे बघून पाटीवर फडकं टाकलं, जणू मीच माशी.

"तुजा तो डोला मिटनारा दोस्त आलता," म्हणाली. "रोज बांगडं नेतंय. आज म्हावरं नको बोलला. मान वर नाय केली. पिशवी अशी जड, खांदा वाकला व्हता त्याचा."

मी म्हणालो, लोखंडाचं काम करणाऱ्याची पिशवी जडच असणार, फुलं असणार का? तिने तोंड फिरवलं. या बाईला प्रत्येकाबद्दल काहीतरी वाईट बोलायचंच असतं.

फटाके मिळाले नाहीत.

२९ नोव्हेंबर

शोभावहिनी पेणहून आल्या. कपाट उघडं. मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गेलं. मंगळसूत्र गळ्यात होतं म्हणून.

त्या रडत नव्हत्या. खाली जमिनीवर बसून, पडद्याचं टोक हातात धरून, नुसत्या बघत होत्या. सासू म्हणाली, "माझ्या आईच्या पाटल्या." एवढंच.

दाराचं कुलूप शाबूत. ग्रील शाबूत. गेट बंद. भिंतीवरच्या काचांना कापडाचा तुकडासुद्धा अडकलेला नाही. उपासनी सगळं बघून आले आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले.

"भिंत चांगली बांधलीस."

मी हो म्हणालो.

"म्हणजे बाहेरचा कोणी येऊ शकत नाही."

"नाही."

"म्हणजे आतलाच." ते थांबले. "गेटची किल्ली कोणाकडे असते?"

मला आधी कळलंच नाही. मी खरंच विचार करत होतो की आतलं कोण असेल.

कळल्यावर मी सांगितलं की भरत आला होता. तर पेंढारकर म्हणाले, त्याला आत कोणी घेतलं? मी म्हणालो, तो चोर नाही, तो आला म्हणजे त्याने काहीतरी बघितलं असेल, त्याला विचारा. भावोजींनी स्कूटरवरून जाऊन यायचं कबूल केलं. आले ते म्हणाले, शटर बंद. शेजारचा सांगतो गावी गेला, आजी आजारी आहे. बिचारा. नेमका आत्ताच.

मग माझं डोकं चाललं. मी पाइप धरून छज्ज्यावर चढलो आणि वहिनींच्या ग्रीलचे नट बघितले. बाकी सगळ्या खिडक्यांचे नट काळ्या रंगाने बुजलेत, हे चारही चकचकीत, रंग उडालेला! मी वरून ओरडलो, "हे बघा! बाहेरून काढलेत आणि परत लावलेत! पाना असला की झालं!"

मला वाटलं, सुटलो.

खाली सगळे मान वर करून उभे. कोणी नटांकडे बघत नव्हतं.

"चढला बघा कसा," पेंढारकर म्हणाले.

"नट बाहेरून लावा असं कोणी सांगितलं होतं?" उपासनींनी विचारलं. मी वहिनींकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. मग एक बाई म्हणाली, "जीवननेच चालेल म्हटलं होतं."

३० नोव्हेंबर

खोलीत कोंडलंय. कुलूप भावोजींनी लावलं. "पळून जाणं हाच याचा धंदा," उपासनी म्हणाले, आणि भावोजींनी किल्ली खिशात टाकली. ताई दारापाशी येऊन गेली. फटीतून म्हणाली, "जीवा, खरं सांग रे." यापेक्षा ड्रायव्हरची थप्पड बरी होती. उपासनी पोलीस चौकीत गेलेत. दुपारनंतर हवालदार येईल.

माझी खिडकी रस्त्याकडे आहे. कृष्णाबाई पाटी घेऊन चालली होती. थांबली. पाटी डोक्यावरून उतरवली.

"काय रं, पिंजऱ्यात?"

मी सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. 

"आनि तुजा दोस्त?"

"गावी गेलाय. आजी आजारी."

"आनि ती पिशवी? ती पन आजीला बगाया गेली?"

मी आठवत गेलो. कोण कधी घरी असतं. काका घंटा वाजवली तरी उठत नाहीत. वहिनी पेणला जाणार, सासूसकट. सगळं मीच सांगितलेलं, चहा पीत. तो लिहूनही घेत नव्हता.

"मावशी," मी म्हणालो. याआधी कधी म्हणालो नव्हतो. "हवालदारसाहेबांना सांगा ना. तुम्ही बघितलंय त्याला."

"मी?" ती एवढ्यांदा हसली की रस्त्यावरचं कुत्रं उठलं. "मी त टेहलनी करनारी. तुच बोर्ड लिवलास. आनि मी मागं बसलेली असती ना, त त्याची टाप नव्हती त्या छज्जाव चढाची. वरडून सगली बिल्डिंग खाली आनली असती. पन मी कशी बगनार? मदी तुजी भित."

मी गजाला डोकं टेकलं. 

"पाना हाय?"

पलंगाखाली होता. गजांतून हात मनगटापर्यंत जातो, कोपऱ्यातल्या नटांपर्यंत पोचत नाही, म्हणून मला काही करता येत नव्हतं. मी तो तिला दिला. नवऱ्याच्या होडीचं इंजिन सोडल्यासारखे तिने नट सोडले. रंग टकटक उडाला. एक, दुसरा, तिसरा. ग्रील बाहेर झुकलं, मी आतून धरलं.

"हवलदाराला असाच दाखव, बाहेरून बाईमानसाला पन कसा येतंय ते," ती म्हणाली. "नायतर पलायचं त पल. हायवे त्या बाजूला हाय."

पाना तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पाटी उचलली.

हायवेवरून गाड्यांचा आवाज येतोय. पळस्प्याला कोणीही उचलेल. गोव्याकडे जाणारा असेल तर संध्याकाळी महाडच्या पुढे. भिंत ओलांडायची गरज नाही, काच नाही, काही नाही. इतकी सोपी वाट मला आयुष्यात कोणी काढून दिली नव्हती.

कृष्णाबाई गेली नाही. रस्त्यापलीकडे चिंचेखाली पाटी मांडून बसलीय, माझ्याकडे पाठ करून. ओरडून विकतेय. तिथे गिऱ्हाईक कोण येणार? कोणी नाही. तरी बसलीय.

ग्रील एकाच नटावर लटकतंय. सोडलं तर खाली पडेल आणि मग म्हणतील मीच तोडलं. म्हणून डाव्या हाताने धरून ठेवलंय आणि उजव्याने लिहितोय. डायरी सारखी सरकते, अक्षर वाकडं येतंय. हाताला मुंग्या आल्यात.

गेटपाशी सायकलची घंटा वाजली. हवालदार असावा. हात बदलतो.